‘वेंट’ने दिला खो!

दोस्तांनो, एक वाक्य इंग्रजीत सांगा पाहू. अगदी सोपं आहे : ‘तू काल कुठे गेला होतास?’ पेन्सिल घ्यायची नाही, पुस्तक उघडायचं नाही, नुसतं तोंडाने म्हणायचं.

काय म्हणालात? ‘व्हेअर यू वेंट यस्टर्डे?’ की ‘व्हेअर डिड यू वेंट यस्टर्डे?’ बरेच जण या दोहोंपैकी एकापाशी थांबले असतील. काहींनी ‘व्हेअर डिड यू गो यस्टर्डे?’ असं बरोबर सांगितलं असेल. त्यांना शाबासकी! पण त्यांनाच आता पुढचा प्रश्न. ‘गेला होतास’ म्हणजे भूतकाळ. ‘गो’चा भूतकाळ ‘वेंट’ हे आपण पाठ केलं, वहीत पाच-पाच वेळा लिहिलं. मग ऐन प्रश्नाच्या वेळी हा ‘वेंट’ गेला कुठे? आणि साधा ‘गो’ परत कसा आला?

हे एकदा कळलं की इंग्रजी प्रश्नांचं निम्मं कोडं सुटलं म्हणून समजा.

त्याआधी जरा आपल्या वर्गात डोकावू या. इंग्रजीच्या तासाला प्रश्न कोण विचारतं? बाई नाहीतर सर. आपण उत्तरं देतो. धड्याखाली प्रश्न छापलेले असतात, आपण वहीत उत्तरं लिहितो. वर्षाकाठी शेकडो उत्तरं लिहून होतात, पण आपण होऊन इंग्रजीत प्रश्न किती विचारतो? ‘मे आय कम इन?’ सोडलं तर बोटांवर मोजण्याइतके. दहावीच्या पेपरात अधोरेखित शब्द उत्तर म्हणून येईल असा प्रश्न तयार करायला सांगतात, तेवढ्यापुरती आपण तयारी करतो आणि पेपर झाला की विसरतो.

मग येते अकरावी. मराठी माध्यमातून विज्ञान शाखेला गेलेल्या कुणा दादाला किंवा ताईला विचारून बघा. तास इंग्रजीत चालतो. शेवटी सर विचारतात, ‘एनी डाऊट्स?’ वर्गात शांतता. शंका नसतात असं थोडंच आहे! फळ्यावरचं वजा चिन्ह तिसऱ्या ओळीत अचानक नाहीसं झालेलं असतं, ते का, हे दहा जणांना कळलेलं नसतं. पण ती शंका विचारायचं वाक्यच जुळत नाही. ‘सर, व्हेअर... मायनस साइन... वेंट...’ इथपर्यंत मनात येतं आणि ओठ मिटतात. शंका दप्तरात घालून घरी आणायची. आता बघा, ते वाक्य कुठलं? ‘सर, व्हेअर डिड द मायनस साइन गो?’ म्हणजे आपण सुरुवातीला घेतलं तेच की!

मराठीत काय करतो आपण?

मराठीत प्रश्न विचारणं किती सोपं! ‘तू आंबा खाल्लास.’ याचा प्रश्न करायचाय? शेवटी एक ‘का’ चिकटवा. ‘तू आंबा खाल्लास का?’ झालं काम. एकही शब्द जागचा हलला नाही. ‘का’ सुद्धा नको असेल तर शेवटी आवाज चढवा : ‘तू आंबा खाल्लास?’ ‘कुठे’, ‘काय’, ‘कधी’ हे शब्दही आपल्याकडे वाक्याच्या पोटात निवांत बसतात. ‘तू काल कुठे गेला होतास?’ यात ‘कुठे’ मधोमध आहे.

इंग्रजीला मात्र प्रश्न आला की उठाबशा काढाव्या लागतात. आणि गंमत म्हणजे हे तुम्हाला येतं! वर्गाच्या दारात उभं राहून तुम्ही काय म्हणता? ‘मे आय कम इन?’ म्हणता ना? ‘आय मे कम इन?’ असं पहिलीतलं पोरही म्हणत नाही. ‘मे’ उडी मारून ‘आय’च्या पुढे गेला, हाच तो प्रश्न. ‘हाऊ आर यू?’ यातही ‘आर’ने ‘यू’च्या पुढे उडी मारली आहे.

अशा उड्या मारणारे शब्द थोडे आहेत. ॲम, इज, आर, वॉज, वेअर हे एक कुटुंब. कॅन, विल, शुड, मे, मस्ट वगैरे दुसरं. आणि ‘हॅव, हॅज, हॅड’, पण तेही दुसऱ्या क्रियापदाच्या मदतीला आलेले असतील तेव्हाच. यांना मदतनीस म्हणू या. वाक्यात मदतनीस असला की काम एका उडीचं. ‘शी इज सिंगिंग’चा प्रश्न ‘इज शी सिंगिंग?’ ‘ही कॅन स्विम’चा ‘कॅन ही स्विम?’ ‘दे हॅव फिनिश्ड’चा ‘हॅव दे फिनिश्ड?’ यात फारसं कुणी चुकत नाही, म्हणून आपणही इथे रेंगाळायला नको.

अडचण येते ती ‘यू वेंट’ला. इथे मदतनीसच नाही. उडी मारायची कुणी?

डू, ऊठ!

खो-खो आठवा. पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी ओळीत बसलेले असतात आणि नववा धावत असतो. धावणाऱ्याने बसलेल्याच्या पाठीमागून ‘खो’ दिला की बसलेला उठून धावतो आणि खो देणारा त्याच्या जागी खाली बसतो. एका वेळी धावणारा एकच. दोघंही धावत सुटले तर पंच शिट्टी फुंकणार!

‘यू वेंट’ या वाक्यात भूतकाळ अंगावर घेऊन धावतोय तो ‘वेंट’. प्रश्न विचारायचा झाला की ‘वेंट’ने ‘डू’ला खो द्यायचा. ‘डू’ उठतो, भूतकाळ अंगावर घेतो, ‘डिड’ होतो आणि ‘यू’च्या पुढे जाऊन उभा राहतो. खो देणारा ‘वेंट’ खाली बसतो. बसला की त्याच्या अंगावरचा भूतकाळ उतरला, तो राहिला साधा ‘गो’. ‘डिड यू गो?’ आणि ‘डिड यू वेंट?’ म्हणजे खो देऊनही धावतच राहिलेला गडी. फाऊल!

हे परकं वाटतंय? मुळीच नाही, असलं व्याकरण तुम्ही मराठीत रोज वापरता. ‘मी ते गणित ट्राय केलं, पण सुटलं नाही.’ बोलता ना असं? या वाक्यात ‘ट्राय’ जसाच्या तसा बसून आहे. ‘ट्रायलं’ असं काही आपण म्हणत नाही. काळ कोण अंगावर घेतं? ‘करणे’. ट्राय करतो, ट्राय केलं, ट्राय करीन. ‘ट्राय’ हलत नाही, ‘करणे’ धावतं. आणि ‘डू’चा अर्थ तरी काय? करणे! ‘डिड यू ट्राय?’ यातला ‘डिड’ म्हणजे आपल्या ‘ट्राय केलंस का’मधला ‘केलंस’च जणू. फरक एवढाच की आपला ‘केलंस’ शेवटी उभा राहतो आणि त्यांचा ‘डिड’ सुरुवातीला.

वर्तमानकाळात ही, शी, इट आले की क्रियापदाला ‘एस’ लागतो. ‘शी सिंग्ज.’ प्रश्न केला की तो ‘एस’सुद्धा खोबरोबर पलीकडे जातो. ‘डू’चा ‘डझ’ होतो आणि ‘सिंग्ज’चा ‘सिंग’. ‘डझ शी सिंग?’ आता ‘डझ शी सिंग्ज?’ चुकीचं का, ते मी सांगायला नको. नकाराचीही तीच तऱ्हा. ‘ही डझन्ट लाइक कारलं’, यात ‘लाइक्स’ नाही. ‘आय डिडन्ट गो’, यात ‘वेंट’ नाही. आपण इथे हमखास चुकतो, कारण मराठीत ‘गेला’ला ‘नाही’ जोडलं तरी ‘गेला’ तसाच राहतो, ‘गेला नाही’. तीच सवय ‘डिडन्ट वेंट’ बनून बाहेर पडते.

जाता जाता एक मजा. इंग्रज लोकांना तरी हा ‘डू’ पहिल्यापासून लागत होता का? नाही. जुन्या इंग्रजीत सरळ क्रियापदच उडी मारायचं, ‘स्पीक यू इंग्लिश?’ या धर्तीवर. शेक्सपिअरच्या काळात, म्हणजे 1564 ते 1616 या वर्षांत, दोन्ही पद्धती चालत. पुढे ‘डू’ने बाजी मारली. इंग्रजीची चुलत बहीण जर्मन भाषा मात्र अजून जुन्याच वाटेने जाते. ‘श्प्रेखेन झी डॉइच?’ म्हणजे ‘बोलता तुम्ही जर्मन?’ तिथे ‘डू’ची भानगड नाही. इंग्रजी थोडी आधी शिकायला घेतली असती तर आपलं एक ओझं वाचलं असतं!

बाबा काय करतात?

शाळेच्या मुलाखतीत किंवा पाहुण्यांकडून हमखास येणारा प्रश्न : ‘व्हॉट डझ युवर फादर डू?’ आणि घाबरलेल्या मुलाचं उत्तर : ‘ही इज रीडिंग न्यूजपेपर.’ पाहुणे हसतात, मुलाला कळत नाही का हसले. दोष समजुतीचा नाही, काळाचा आहे. मराठीत ‘बाबा काय करतात?’ आणि ‘बाबा काय करताहेत?’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिला नेहमीचा, म्हणजे नोकरी, शेती, दुकान काय ते. दुसरा आत्ताचा. इंग्रजीतही अगदी तेच. ‘व्हॉट डझ युवर फादर डू?’ हा ‘करतात’वाला. ‘व्हॉट इज युवर फादर डूइंग?’ हा ‘करताहेत’वाला. पहिल्या प्रश्नात ‘डू’ दोनदा आला म्हणून गोंधळू नका. पुढचा ‘डझ’ हा खो मिळालेला गडी आणि शेवटचा ‘डू’ म्हणजे खरंखुरं ‘करणं’.

इथे मराठी आपल्या मदतीला आली. पण ती कधी कधी पायही ओढते. तुम्ही मैदानावर आहात, शेवटची ओव्हर चालू आहे आणि गॅलरीतून आई हाक मारते. तुम्ही ओरडता, ‘आलो, आलो!’ प्रत्यक्षात पाऊलसुद्धा उचललेलं नसतं. क्रियापद मात्र भूतकाळातलं! इंग्रजीत ‘आय केम, आय केम’ म्हणालात तर ऐकणारा बुचकळ्यात पडेल. तिथे ‘आय ॲम कमिंग’. आणि घरातून निघताना आपण म्हणतो ‘येतो हं’, तेव्हा खरं तर आपण जात असतो. तिथे ‘आय ॲम कमिंग’ म्हणून दाराबाहेर पडलात तर यजमान चहा टाकून वाट बघत बसतील. ‘आता पाऊस आला तर मॅच गेली!’ पाऊस आलेला नाही, मॅचही गेलेली नाही, तरी दोन्ही क्रियापदं भूतकाळी. म्हणून मराठी शब्दाचा शेवट बघून इंग्रजी काळ ठरवू नका. गोष्ट घडून गेली, घडते आहे, नेहमी घडते की घडायची आहे, एवढं स्वतःला विचारा.

असाच एक खड्डा ‘पासून’चा. ‘मी पाच वर्षांपासून या शाळेत आहे’ आणि ‘मी 2020 पासून या शाळेत आहे’. आपल्याकडे दोन्हीकडे ‘पासून’ आणि दोन्हीकडे ‘आहे’. इंग्रजीत दोन्हीकडे ‘हॅव बीन’ हवं, कारण गोष्ट मागे सुरू झाली आणि अजून चालू आहे. किती काळ ते सांगायचं तर ‘फॉर’ : ‘आय हॅव बीन इन धिस स्कूल फॉर फाइव्ह इयर्स.’ कधी सुरू झालं ते सांगायचं तर ‘सिन्स’ : ‘सिन्स 2020’. ‘आय ॲम हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ हे तुम्ही मोठ्या माणसांच्या तोंडूनही ऐकाल. ऐका आणि सोडून द्या. प्रश्न विचारायचा तर ‘हाऊ लाँग हॅव यू बीन इन धिस स्कूल?’ इथे ‘हॅव’ स्वतःच मदतनीस आहे, ‘डू’ला उठवायची गरज नाही.

भूतकाळाची रूपं पाठ करायचा कंटाळा येतो, कबूल. गो-वेंट, कम-केम, ईट-एट, संपतच नाहीत. पण आपल्या मराठीकडे बघा. ‘बस’चं ‘बसला’, ‘हस’चं ‘हसला’, मग ‘जा’चं ‘जाला’ का नाही? ‘गेला’ कुठून आला? ‘कर’चं ‘केला’, ‘ये’चं ‘आला’, ‘हो’चं ‘झाला’. हा तक्ता तुम्हाला कुणी पाठ करायला लावला होता? नाही. ऐकून, बोलून तो आपोआप बसला. इंग्रजीचा ‘वेंट’ही असाच दत्तक आलेला आहे. तो मुळात ‘वेंड’ नावाच्या दुसऱ्याच क्रियापदाचा भूतकाळ. शिवाय इंग्रजीत एक सवलत आहे. ‘आय एट, शी एट, दे एट’, सगळ्यांना एकच रूप. मराठी शिकणाऱ्या परक्या माणसाची काय दशा होत असेल! आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, केळं खाल्लं, पेरू खाल्ले. बिचारा खाणं सोडून देईल.

कोणी आणि कोणाला

आता एक चकवा. काच फुटली आहे. ‘कोणी फोडली?’ हे इंग्रजीत ‘हू ब्रोक द ग्लास?’ इथे ‘डिड’ नाही! कारण ‘हू’ हाच कर्ता आहे आणि तो पहिल्या जागेवर आधीच बसलाय. उडी मारून जायचं कुणाच्या पुढे? म्हणून खो नाही, ‘ब्रोक’च धावतो. पण ‘तू कोणाला पाहिलंस?’ असेल तर कर्ता ‘यू’ आहे, तेव्हा ‘हू डिड यू सी?’ आणि ‘तुला कोणी पाहिलं?’ असेल तर ‘हू सॉ यू?’ मराठीत ‘कोणी’ आणि ‘कोणाला’ या शब्दांवरूनच उलगडा होतो. इंग्रजीत तो शब्दांच्या जागेवरून होतो. काच फोडणाऱ्याला या दोन वाक्यांतला फरक चांगलाच ठाऊक असायला हवा!

दुसरा चकवा सभ्यपणाचा. अनोळखी माणसाला आपण ‘जरा सांगता का, वाचनालय कुठे आहे?’ असं विचारतो. ‘कॅन यू टेल मी व्हेअर द लायब्ररी इज?’ यात ‘कॅन’ने उडी मारली, प्रश्न झाला. मागच्या भागात पुन्हा उडी नको, म्हणून ‘व्हेअर इज द लायब्ररी’ असं तिथे येत नाही.

आणि ‘यू वेंट व्हेअर?’ असं इंग्रजी सिनेमात ऐकलंत तर मला पकडू नका. तेही बोलतात, पण धक्का बसल्यावर. ‘काय! कुठे गेलास म्हणालास?’ असा त्याचा सूर.

एक शब्द मात्र इंग्रजीला आपण सहज उधार द्यावा : ‘कितवा’. ‘तू वर्गात कितवा आलास?’ हे एका शब्दात विचारायची सोय त्यांच्याकडे नाही. ‘व्हॉट रँक डिड यू गेट?’ असं वळण घेऊन जावं लागतं.

आईबाबांसाठी चार ओळी. महाराष्ट्रात मराठी शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते 2000 साली. त्याआधीच्या बहुतेकांचं इंग्रजी पाचवीत सुरू झालं, आणि आजोबांच्या पिढीतले कित्येक तर्खडकरांच्या भाषांतर पाठमाला घोकून तयार झाले. त्यामुळे तुम्हाला ‘हॅव यू अ पेन?’ शिकवलं असेल आणि मूल ‘डू यू हॅव अ पेन?’ म्हणत असेल, तर त्याला चूक म्हणू नका. जुनी पद्धतही बरोबर होती, आज ‘डू यू हॅव’ जास्त चालतं. आणि मूल अडखळत प्रश्न विचारत असेल तर वाक्य पुरं होऊ द्या, आधी उत्तर द्या, मग दुरुस्ती. मधेच टोकलं की पुढचा प्रश्न येत नाही.

आता खेळ. रविवारी चार-पाच जण जमा. दोघं ‘संशयित’, बाकीचे पोलीस. काल संध्याकाळी सहा ते आठ या वेळात खाऊचा डबा पळवला गेला आहे. संशयितांनी बाहेर जाऊन ठरवायचं, की त्या वेळी आम्ही दोघं एकत्र होतो आणि अमुक करत होतो. मग एकेकाला आत बोलावून पोलिसांनी इंग्रजीत प्रश्न विचारायचे. ‘व्हेअर वेअर यू ॲट सिक्स ओक्लॉक?’ ‘व्हॉट डिड यू ईट?’ ‘हू पेड द बिल?’ ‘वॉज इट रेनिंग?’ दोघांच्या उत्तरांत फरक सापडला की गुन्हेगार पकडले. पण पोलिसाचा प्रश्न चुकला तर संशयिताने गप्प बसायचं, उत्तर द्यायचं नाही. म्हणजे व्याकरण चुकलं की चोर सुटला!

पोलीस होण्याआधी ही सहा वाक्यं तपासा. एकच बरोबर आहे.

1. डिड शी कुक्ड द राइस?
2. व्हाय यू आर क्राइंग?
3. हाऊ मच डझ इट कॉस्ट्स?
4. डझ युवर ब्रदर प्ले कॅरम?
5. आय डोन्ट नो व्हेअर इज माय बॅग.
6. ही डिडन्ट केम टु स्कूल यस्टर्डे.

उत्तरं (हाताने झाका बरं!) : पहिल्यात ‘कुक्ड’ला खाली बसवा, ‘कुक’. दुसऱ्यात ‘आर’ची उडी राहिली, ‘व्हाय आर यू क्राइंग?’ तिसऱ्यात ‘एस’ आधीच ‘डझ’कडे गेलाय, म्हणून ‘कॉस्ट’. बाजारात पहिल्यांदा हेच वाक्य लागेल. चौथं बरोबर. पाचव्यात दुसरी उडी नको, ‘व्हेअर माय बॅग इज’. सहाव्यात दोन गडी एकदम धावताहेत, त्यांपैकी ‘केम’ला बसवून ‘कम’ करा.